६ए म्हणजे नेमके किती कठीण?

नमस्कार. माझ्या हातात दिसणारा हा कागद नाशिकमधल्या बहुतेक गिर्यारोहण गटांच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी फिरलेला आहे. प्रस्तरारोहणाचा मार्ग किती कठीण आहे हे सांगणाऱ्या श्रेणींचा हा तक्ता आहे. त्यावर अमेरिकी, फ्रेंच, यूआयएए (गिर्यारोहण संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि ब्रिटिश असे चार रकाने आहेत आणि ओळ आडवी वाचत गेले की एका देशाची श्रेणी दुसऱ्या देशाच्या श्रेणीत, चलन बदलून घ्यावे तशी, बदलून मिळते. कागदावरील आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. हे चारही रकाने एकच गोष्ट मोजतात, ही समजूत मात्र मला धोक्याची वाटते.

गेल्या नोव्हेंबरात त्र्यंबक रांगेतल्या एका सुळक्याच्या पायथ्याशी आमच्यासोबत एक तरुण होता. शहरातल्या कृत्रिम भिंतीवर तो ६ए श्रेणीचा मार्ग सहज चढतो, आणि हा सुळका कागदानुसार त्याहून बराच सोपा असल्यामुळे आपणच लीड करावे, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढावे, अशी त्याची इच्छा होती. मी काही बोलण्याआधी त्याने कातळावरच्या पहिल्याच होल्डला, म्हणजे पकडीच्या जागेला, हात घातला आणि तळहाताएवढी कपची सुटून त्याच्या मुठीत आली. तिची मागची बाजू ओलसर होती आणि तिला माती चिकटलेली होती. त्या कपचीची नोंद या चारपैकी कोणत्या रकान्यात होते, हे आज पाहू.

अमेरिकी पद्धतीत पहिला वर्ग म्हणजे साधी चाल आणि पाचवा म्हणजे दोर लावून करायचे प्रस्तरारोहण. दक्षिण कॅलिफोर्नियातील ताहक्विट्झ येथे १९५० च्या दशकात या पाचव्या वर्गाचे ५.० ते ५.९ असे भाग पाडले गेले. त्याहून कठीण काही असेल असे तेव्हा धरलेले नव्हते, आणि नंतर तसे मार्ग चढले गेल्यावर ५.१० लिहावे लागले. त्यामुळे येथे दशांशाचे गणित चालत नाही, ५.१० हे ‘पाच-दहा’ असे वाचायचे आणि ते ५.९ पेक्षा कठीण असते. त्या काळी ५.९ ठरवलेले काही मार्ग आजच्या आरोहकाला फारच अवघड वाटतात, कारण त्या वेळी त्यापुढे आकडाच नव्हता. यूआयएएच्या रोमन आकड्यांचेही असेच झाले. तेथे सहावी श्रेणी अनेक दशके शेवटची मानली गेली आणि सातवी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली.

फ्रेंच श्रेणी बोल्ट (दोर अडकवण्यासाठी कातळात कायमचे बसवलेले खिळे) मारलेल्या मार्गासाठी सर्वांत सोयीची आहे. ती संपूर्ण मार्गाचा शारीरिक कस सांगते, म्हणजे सर्वांत अवघड हालचाल आणि हात भरून येईपर्यंतची दमछाक हे दोन्ही तिच्यात येते. चेक आरोहक ॲडम ओंद्राने २०१७ मध्ये नॉर्वेतील फ्लाटँगर येथे चढलेला ‘सायलेन्स’ हा मार्ग ९सी आहे. बोल्ट जवळजवळ असतील हे या श्रेणीत गृहीतच धरलेले असते, म्हणून पडल्यास काय होईल याविषयी ती गप्प राहते.

ब्रिटिश पद्धत मात्र याविषयी बोलते, आणि म्हणूनच ती मला मनापासून आवडते. ती दोन श्रेणी देते. व्हीएस (व्हेरी सिव्हिअर), एचव्हीएस (हार्ड व्हेरी सिव्हिअर), ई१ (एक्स्ट्रीम १) ही चढत्या क्रमाची अक्षरे मार्गाचे एकूण गांभीर्य सांगतात आणि ४सी, ५ए, ५बी हे आकडे सर्वांत अवघड हालचाल सांगतात. (येथे कागद कॅमेऱ्याजवळ धरावा.) व्हीएस ४सी ही नेहमीची जोडी समजली जाते. त्याऐवजी व्हीएस ५ए लिहिलेले दिसले, तर एखादी हालचाल अवघड आहे पण दोर चांगला अडकवता येतो, असा अंदाज बांधता येतो. व्हीएस ४ए असेल तर हालचाली सोप्या असूनही पडणे परवडणारे नाही, हे ओळखावे. मात्र ब्रिटिश ६ए आणि फ्रेंच ६ए यांत गल्लत करू नये. दिसायला सारखी असली, तरी ब्रिटिश ६ए बरीच अवघड असते.

हिमशिखरांवर हिशेब आणखी वेगळा असतो. आल्प्समध्ये सोप्याकडून कठीणाकडे एफ, पीडी, एडी, डी, टीडी, ईडी अशी फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे वापरतात आणि त्यांत उंची, लांबी, बर्फ, दगडांचा मारा, माघारीची वाट हे सगळे एकत्र येते. मॅटरहॉर्नची हॉर्नली धार एडी आहे, पण तिच्यावरचे प्रस्तरारोहण साधारण यूआयएए तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे आपल्या तरुण मित्राच्या भिंतीपुढे किरकोळ आहे. तरीही ४,४७८ मीटर उंचीच्या त्या शिखरावर १८६५ मध्ये पहिल्यांदा पोहोचलेल्या सात जणांपैकी चार जण उतरताना मृत्युमुखी पडले.

आपल्याकडे ‘सोपा, मध्यम, कठीण’ एवढ्यावरच भागवले जाते. हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या घ्या. खोबणीत हात घट्ट बसतो, पाय पूर्ण टेकतो, म्हणजे हालचाल म्हणून तेथे फारसे काही नाही. पण पावसाळ्यात निसरड्या झालेल्या त्याच पायऱ्यांवर, वरून उतरणाऱ्या गर्दीला वाट देताना, पाय सुटला तर थांबायला जागा नाही. ‘मध्यम’ या एका शब्दात या दोन गोष्टी कशा मावतील? मी स्वतः आता वहीत दोन ओळी लिहितो: एक हालचालीची आणि दुसरी पडल्यास काय होईल याची.

त्या दिवशी त्या तरुणाने कपची खाली ठेवली, चार पावले मागे जाऊन कड्याकडे मान वर करून पाहिले आणि आमच्यातल्या अनुभवी लीडरला विचारले, “दादा, पहिला बोल्ट किती उंचीवर आहे?” दोर बांधण्यापूर्वी ते दोघे त्यावर बराच वेळ बोलत राहिले.