बोटीचं पेट्रोल जातं कुठे? आरपीएम आणि रेंजचं गणित

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ आउटबोर्डवाल्यांसाठी (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), म्हणजे मालवण, तारकर्ली, देवबाग साइडला जे फायबरच्या छोट्या बोटी चालवतात त्यांच्यासाठी खास. सगळे एकच विचारतात, तुझं इंजिन तासाला किती पितं? पण त्यावरून बोट कुठपर्यंत जाईल ते कळतच नाही. बघायचं ते एका सागरी मैलाला किती लिटर जातात ते, म्हणजे तासाचे लिटर भागिले नॉट. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या बोटीचे वेगळे येणार. समजा अठरा फुटी बोट, पाण्यात बसणारी लांबी 16 फूट, 40 एचपी फोर स्ट्रोक, चार माणसं. हळू 5 नॉटवर चाललात, तासाला 2 लिटर, म्हणजे मैलाला 0.4. थ्रॉटल जरा वाढवलात, 8 नॉट, तासाला 6 लिटर, मैलाला 0.75. अजून वाढवलात आणि बोट पाण्यावर उचलली गेली, म्हणजे प्लेनिंगवर आली, मग 3500 ते 4000 आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास 16 नॉट आणि 8 लिटर, मैलाला 0.5. आणि थ्रॉटल पूर्ण दाबलात तर 22 नॉट, 15 लिटर, मैलाला 0.68.

बघा, सगळ्यात महाग कोण? फुल थ्रॉटल नाही, ते 8 नॉट! आणि नेमके तिथेच कितीतरी जण चालवतात, जोरात नको, मध्यमच बरं, पेट्रोल वाचेल म्हणून. पुढचं टोक आभाळात, मागची बाजू पाण्यात रुतलेली, मागे ही मोठी लाट.

असं का होतं तर बोट चालताना स्वतःच लाट उठवते आणि वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढते. ती बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या चढावर अडकते, पुढे घाट चढल्यासारखं होतं. हा वेग काढायला साधं सूत्र आहे, पाण्यातली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. 16 फुटाला येतात साधारण 5.4 नॉट. म्हणजे एकतर त्याच्या खाली राहा, नाहीतर चढ पटकन पार करून प्लेनिंगवर जा. चढताना दोन माणसं पुढे बसवा, ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, बोटीच्या बाजूला आत घ्या, बोट लवकर उचलते. उचलली की थ्रॉटल कमी करा आणि ट्रिम थोडा बाहेर काढा. पुढचं टोक आपटायला लागलं तर जास्त झाला, परत आत घ्या.

मोठ्या डिझेलच्या मच्छीमार बोटींचं वेगळं, त्या प्लेनिंगवर जातच नाहीत, त्यामुळे तिथे हिशोब सरळ आहे. पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद साधारण आरपीएमच्या घनाने वाढते. आरपीएम 10 टक्के कमी केला तर ताकद 27 टक्क्यांच्या आसपास कमी लागते, आणि वरच्या टोकाला चालत असाल तर वेग तेवढा पडतही नाही. मला वाटतं डिझेलचा एवढा मोठा खर्च वाचवायचा याहून स्वस्त उपाय नाही, एक पैसाही घालावा लागत नाही.

आता रेंज. 24 लिटरची टाकी, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता राखीव. राहिले 16 लिटर. 16 नॉटवर 32 मैल, फुल थ्रॉटलवर साडेतेवीस, आणि त्या 8 नॉटवर फक्त 21. टाकी तीच!

आणि अर्धी टाकी संपली की वळू, हे अजिबात करू नका. मालवणहून निवतीकडे दक्षिणेला सकाळी शांत पाण्यात जाता, दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो आणि परतताना तो समोरून येतो. लाटेत 16 नॉट जमत नाहीत, बोट खाली बसते, आणि तुम्ही पुन्हा त्याच महागड्या 8 नॉटवर. राखीव तिसरा भाग त्यासाठीच आहे, बोटीत माणसं असतात हो.

पंखा पण तपासा. नेहमीचं वजन घेऊन फुल थ्रॉटल द्या. बऱ्याच आउटबोर्डना तिथे 5000 ते 6000 आरपीएम हवा असतो, तुमच्या इंजिनचा मॅन्युअलमध्ये बघा. तुमचं 4500 लाच थांबत असेल तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, जास्त आहे, एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतो. पण त्याआधी बोटीचा तळ बघा, शिंपले धरले असतील तर नवीन पंखा घेऊन काय उपयोग? जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर असतेच, तेव्हाच खरवडून घ्या.

स्वतःचे आकडे काढायला टाकी काठोकाठ भरा, मोबाईलच्या जीपीएसवर एक ठरलेलं अंतर एकाच आरपीएमला जाऊन परत या, दोन्ही बाजूंनी, म्हणजे प्रवाहाचा फरक बराचसा निघून जातो. परत काठोकाठ भरा, किती लागलं ते लिहा. मग दुसरा आरपीएम. कमेंटमध्ये टाका, बोटीची लांबी, एचपी आणि पंख्याचा पिच सोबत लिहा, त्याशिवाय एकाची दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही.