गातोय कोण?

(दृश्य: स्पीकरची मागची बाजू. पितळी पट्टीचा स्क्रू सैल होतोय.)

ही एवढीशी पितळी पट्टी. स्पीकरच्या मागची वरची आणि खालची टर्मिनल जोडून ठेवणारी. बाय-ॲम्पिंग करायचं, म्हणजे एकाच स्पीकरच्या वरच्या आणि खालच्या भागाला दोन वेगळे ॲम्प (ॲम्प्लिफायर) लावायचे, तर पहिल्यांदा ही काढायची. विसरलात, तर दोन ॲम्पची आउटपुट थेट एकमेकांना भिडतात, आणि मग दुरुस्तीवाल्याकडे चकरा.

(दृश्य: काळोखात लाल होत जाणारे व्हॉल्व्ह, म्हणजे ॲम्पमधल्या काचेच्या नळ्या.)

वर ट्विटरला, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या भोंग्याला, व्हॉल्व्हचा ॲम्प; खाली वूफरला, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या भोंग्याला, ट्रान्झिस्टरचा. कारण वूफरचा कोन जड. एकदा हलला की झुलत राहतो, वर ॲम्पकडे उलटी वीज धाडतो. ट्रान्झिस्टर ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (आउटपुटचा आतला विद्युत-रोध) बहुधा 0.1 ओहमच्याही आत, त्यामुळे त्याचा लगाम घट्ट. व्हॉल्व्हचा ओहम-दोन ओहम असू शकतो. त्याच्या हाती डग्गा सैल पडतो.

(दृश्य: टर्मिनलला लावलेला मल्टिमीटर.)

दोघांचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतात ते, मात्र क्वचितच सारखा असतो. 400 हर्ट्झचा सूर लावला. वर 2 व्होल्ट, खाली 2.8. म्हणजे जवळपास 3 डेसिबलचा फरक, खर्ज तेवढा चढा. ट्रान्झिस्टरचा नॉब उतरवत दोन्हीकडे 2 आणले. हे काम मीटरचं. तबला कानाने मिळवायचा, ॲम्प नाही.

(दृश्य: फिरती तबकडी. तानपुरा सुरू होतो.)

जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, झळाळली, अगदी हवी तशी. पण गायिकेच्या गळ्यात व्हॉल्व्हचा जो गोडवा शोधत होतो, तो काही सापडेना. घोळ डब्याच्या आत होता. या स्पीकरचा क्रॉसओव्हर 2,500 हर्ट्झच्या आसपास सूर वाटतो: वरचे ट्विटरला, खालचे वूफरला. आणि बाईंचा तार षड्जसुद्धा हजाराच्या आतच असतो. म्हणजे इतका वेळ गात होता तो ट्रान्झिस्टर! व्हॉल्व्हच्या वाट्याला जवारीची वरची किनार, 'स'-'श'चे उच्चार आणि तबल्याच्या चाटेवरची टिचकी, बस्स.

उलटंही करून पाहिलं. व्हॉल्व्ह खाली, ट्रान्झिस्टर वर. गळा भरला, पण डग्ग्याची घुमक पार ओघळली.

(दृश्य: पितळी पट्ट्यांची छोटी डबी.)

सध्या तबला-पखवाजाला दोन ॲम्प. रात्री उशिरा नुसता तानपुरा आणि गळा ऐकायचा असला, की पट्ट्या परत बसवतो आणि अख्खा स्पीकर एकट्या व्हॉल्व्हच्या हवाली करतो.