आधी कोण सुटतं, पुढचं की मागचं?

(पहाट. सातपूर एमआयडीसीतला मोकळा प्लॉट, वर्तुळात मांडलेले कोन.)

पांढरी जुनी सेदान कोनांभोवती फिरते आहे. इंजिन पुढे, ओढ पुढच्याच चाकांची. वेग वाढला तसे टायर कण्हू लागले. स्टिअरिंग आणखी कापलं, तरी गाडी बाहेरच निघाली. याला म्हणतात अंडरस्टिअर.

मुलगा उतरतो. "काका, पुढं जाड अँटीरोल बार टाकू या. गाडी कडक झाली की बसेल."

"अरे, पुढचं आधीच दमलंय. त्याच्यावरच अजून ओझं टाकतोस होय?"

राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या नाशिकच्या मातीत झाल्या आहेत, त्यामुळे इथल्या पोरांना सस्पेन्शनचं वेड नवं नाही. पण कडक म्हणजे चांगली, ही समजूत काही जात नाही. वळणात वजन बाहेरच्या चाकांकडे जाणारच. किती जाणार, ते गाडीचं वजन, त्या वजनाच्या मध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर ठरवतो. अँटीरोल बार म्हणजे वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. तो बदलून बदलते ती फक्त पुढच्या-मागच्या जोडीतली वाटणी. आणि टायरवर दुप्पट भार दिला म्हणून पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या जोडीत एका चाकावर जास्त भार लोटला जातो, ती जोडी आधी सुटते. पुढचं सुटत असेल, तर हात मागे घालायचा, मागचा बार कडक करायचा!

पण त्याआधी काका टॉमी (लोखंडी पहार) घेऊन गाडीखाली शिरतात. लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर, जरा जोर दिला, तर आर्म बोटभर हलला. त्याच्या सांध्यातल्या बुशचं रबर फाटून लोंबतंय. असा बुश असताना अलाइनमेंट करून उपयोग काय? वळणात चाक स्वतःच दिशा बदलतं. आधी तो बदलला.

मग खडू. पुढच्या टायरच्या कडेवर, नक्षीपासून खाली भिंतीपर्यंत, तीन पांढऱ्या रेघा ओढल्या. चार फेऱ्या झाल्यावर बघितलं, तर रेघ भिंतीवरही पुसली गेली होती. म्हणजे टायर वळणात कलंडतोय. पुढे दोन पॉइंट (पीएसआय) हवा वाढवली, पुन्हा चार फेऱ्या मारल्या. आता रेघ नक्षीच्या कडेपाशी थांबली. फुकटात एवढा फरक पडतो, आणि लोक थेट महागड्या शॉकअपकडे धावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बार शेवटी. मागचा २० मिलिमीटरचा काढून २२ चा बसवला. फरक दोनच मिलिमीटरचा, पण पिळाला विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो: जवळपास ४६ टक्के जास्त. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

गाडी आता कोनांना चिकटून वळते. मुलगा खूश. काका मात्र म्हणतात, "अर्ध्या वळणात ॲक्सिलरेटर सोड."

सोडला. वजन पुढे आलं, मागचं हलकं पडलं आणि शेपूट सर्रकन बाहेर फेकलं गेलं. दोन कोन आडवे.

"आज जमीन कोरडी आहे. श्रावणातल्या त्र्यंबक रोडवर घरचे बसलेले असताना हे चालेल?"

बारच्या टोकाला दोन भोकं आहेत. बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा लिंक रॉड बाहेरच्या भोकात लावला की बारची तरफ लांबते, बार मऊ पडतो. मुलगा स्वतः पाना घेतो, दोन्ही बाजूंचा रॉड हलवतो, वहीत तशी नोंद करतो. मग खडू उचलून मागच्या टायरवर रेघा ओढायला बसतो.