दमसास : २०२४ चे माझे आवडते अल्बम

(दृश्य: कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. अर्धं वर केलेलं शटर. लेथ मशीनवर फिरणारा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा. मागं भिंतीला टेकवलेले दोन स्पीकर.)

१९९० साली इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत नुसरत फतेह अली खाँ आपल्या पार्टीसह बसले आणि चार कव्वाल्या गायले. ती टेप साठ्यात गेली ती गेलीच. १९९७ ला खाँसाहेब गेले. पुढं कधीतरी ती टेप हाती लागली आणि २० सप्टेंबर २०२४ ला ‘चेन ऑफ लाइट’ या नावानं बाहेर आली. आता हा अल्बम १९९० चा धरायचा का २०२४ चा? मी २०२४ चा धरला आणि त्याला पहिला नंबर दिला. पटत नसेल त्यानं ‘या गौस या मीराँ’ पूर्ण ऐकावं आणि मग भांडायला यावं. चहा माझ्याकडून.

यात खाँसाहेबांचा आवाज चाळिशीतला आहे. मागची मंडळी एक ओळ धरून बसतात, टाळी हलत नाही, आणि त्या ओळीच्या खांद्यावरून सरगम सुटते. वाटतं, आता श्वास संपला. संपत नाही. तिथून आणखी एक वळण घेऊन बरोबर समेवर येतात, आणि मागच्यांपैकी कुणीतरी न राहवून मधेच सूर मिसळतो. टेप चालू आहे याचं भान तिथं कुणालाच नसावं.

(दृश्य: देवल क्लब या संगीतसंस्थेची इमारत. रस्त्यावरची संध्याकाळची वर्दळ.)

मी समीक्षक नाही. माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर कान मशीनकडं असतात. टूलची धार गेली की आवाज आधी कुरकुरतो, जॉबवरचे ओरखडे नंतर दिसतात. गाण्याचं माप मात्र मला या गावानं दिलं. इथं शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँ होते. तरुणपणी गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला, तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. मग उरलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी उभी केली. जयपूर-अत्रौली. मोकळा आकार, पेचदार तान, आणि श्वास कुठं घेतला ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. त्यांची एकही तबकडी नाही. शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. गुरूचा आवाज मात्र ज्यांनी ऐकला त्यांनी सांगितला, तेवढाच.

१८८३ पासूनचा देवल क्लब ज्या गावात आहे, तिथं म्हातारी माणसं गायकाविषयी पहिला प्रश्न विचारतात तो दमसासाचा. मीही तोच विचारतो. पहिल्या गाण्यात घेतलेला श्वास शेवटच्या गाण्यापर्यंत पुरला का? भाषा कुठलीही असू दे, गिटार असू दे नाहीतर तानपुरा.

(दृश्य: दिवाळीनंतरचं वर्कशॉप. मशीनला घातलेला, सुकलेला झेंडूचा हार.)

‘द क्युअर’ हा इंग्लिश बँड. यांचा आधीचा अल्बम २००८ चा. मग सोळा वर्षं सामसूम. १ नोव्हेंबर २०२४ ला, आपल्याकडं लक्ष्मीपूजन होतं त्या दिवशी, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आला. गाणी आठच. पहिल्या गाण्यात रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटं उलटून गेल्यावर तोंड उघडतो. सुट्टी संपल्यावर वर्कशॉपमध्ये लावला, तर हाताखालचं पोरगं म्हणालं, “दादा, ह्यो बाबा गाणार हाय का न्हाई?” शेवटच्या गाण्यात तर सहा मिनिटं नुसती गिटार आणि ड्रम. तोवर त्याचा एक जॉब काढून झाला होता.

पण थांबायला लावून हा माणूस फसवत नाही. पासष्टीचा आवाज, आणि त्यात एक धागा सुटलेला नाही. भाऊ गेल्यावर लिहिलेलं एक गाणं आहे यात, पियानोची छोटीशी ओळ परत परत येते. ऑगस्टमध्ये, ८ तारखेच्या रात्री, आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर ते. त्या आठवड्यात नवीन काही ऐकावंसं वाटलंच नाही. नोव्हेंबरात हे गाणं लागलं आणि मला खासबागेजवळच्या त्या काळ्या भिंती दिसायला लागल्या. स्मिथला कोल्हापूर माहीत असायचं कारण नाही. क्युअर दुसऱ्या नंबरला.

तिसरा शबाका. लंडनचा हा गडी सॅक्सोफोनसाठी जगभर नावाजलेला, आणि ऐन भरात त्यानं सॅक्सोफोन बाजूला ठेवला. बासऱ्या हातात घेतल्या. त्यात शाकुहाची ही जपानी बांबूची बासरीही आहे. एप्रिलमध्ये आलेल्या त्याच्या अल्बमचं नाव एवढं लांब आहे की मी दुकानात मागितला असता तर मागं रांग लागली असती: ‘पर्सीव्ह इट्स ब्यूटी, अॅक्नॉलेज इट्स ग्रेस’. न्यू जर्सीच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत सगळे एका खोलीत बसले, हेडफोन नाहीत, मधे आडोसे नाहीत. म्हणजे आपली बैठकच की. फुंकर बांबूवर घासते तेही ऐकू येतं. लेथ चालू असताना मात्र लावू नका, काही उरत नाही.

(दृश्य: रात्र. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेली माणसं, पाण्यात दिव्यांची रांग.)

अरूज आफताबचा ‘नाइट रेन’ रात्रीचाच. पाकिस्तानात वाढलेली, न्यूयॉर्कला राहणारी गायिका. यातल्या दोन गाण्यांचे शब्द हैदराबादच्या माह लका बाई चंदा यांचे आहेत. ही दक्खनी कवयित्री १८२४ मध्ये वारली. दोनशे वर्षांनी तिचे शेर हार्प, पियानो अशा वाद्यांच्या संगतीत ऐकायला मिळतात आणि कुठं ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही. आमच्याकडचे कर्मठ विचारतील, तान कुठाय? नाही घेतली. आवाज खालच्या पट्टीत ठेवून, एकेक शब्द पुरता संपू देऊन ती पुढं जाते. त्यालाही दम लागतोच, फक्त तो दिसत नाही.

आता मेटल, म्हणजे रॉकमधला दणदणीत प्रकार. ‘ब्लड इन्कँटेशन’ हे नाव वाचून घरचे घाबरले होते. अमेरिकेतल्या डेन्व्हरचा हा बँड बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेला आणि ‘अॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ करून आला. दोनच रचना, वीस-वीस मिनिटांच्या वर. गुरगुरणं, सुसाट ड्रम, आणि मधेच सगळं थांबून सिंथेसायझरचं मोकळं आकाश. दुसऱ्यांदा ऐकताना कळलं, उड्या मारल्यासारखं जे वाटत होतं ते पहिल्यापासून ठरवून चाललंय. नाद खुळा.

बाकीचं झरझर सांगतो. बिली आयलिशनं ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’मधलं एकही गाणं आधी सुटं सोडलं नाही, दहा गाणी एकदम ऐका म्हणाली. कुजबुजत गाणारी ही पोरगी ‘द ग्रेटेस्ट’मध्ये जेव्हा पूर्ण आवाज लावते तेव्हा स्पीकरकडं वळून बघावं लागतं. केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ नोव्हेंबरात अचानक आला, कुणाला पत्ता नाही. रॅपचा अल्बम आणि सुरुवात मेक्सिकन मारियाची गायिकेच्या आवाजानं. बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ मात्र यादीत तळाला. लिंडा मार्टेलसारख्या जुन्या, दुर्लक्षित कृष्णवर्णीय कंट्री गायिकेला तिनं मानानं बोलावलं, त्याबद्दल सलाम. पण सत्तावीस ट्रॅक? पंगतीत नको नको म्हणताना ताटात जिलेबी पडावी तसं झालं.

मराठी का नाही, हे विचारणार तुम्ही. विचारा. मराठीत या वर्षी चांगली सुटी गाणी ऐकली. पण आठ-दहा गाणी एका धाग्यात ओवून, क्रम ठरवून, ही अशीच ऐका म्हणणारा अल्बम माझ्या कानावर आला नाही. व्हिडिओ निघतो, रील निघतं, पुढचं गाणं सहा महिन्यांनी. यात पैशाचं गणित आहे हे समजतं, तरी राग येतो.

(दृश्य: चहाचे ग्लास. मोबाइलवर काहीतरी दाखवणारं पोरगं.)

ही यादी वर्कशॉपच्या फळ्यावर खडूनं लिहिली, तर पोरानं खाली हनुमानकाइंड लिहून ठेवलं. ‘बिग डॉग्ज’. मौत का कुआँमध्ये गाड्या फिरताहेत आणि हा मधे उभा राहून रॅप करतोय. गाणं काटाकिर्र आहे, वाद नाही. पण ते एकटं गाणं. पुसलं. दुसऱ्या दिवशी परत लिहिलेलं. “त्याचा अल्बम येऊ दे, मग बघू,” म्हटलं. पोरगं म्हणालं, “दादा, दम बघायचा म्हणता न्हवं? तीन मिनिटात त्यो थांबतोय कुठं ते दाखवा.”

फळ्यावरचं नाव अजून पुसलेलं नाही.