पोटाचं ऑपरेशन झालं, मग मांड्या का वाळल्या?

अंबाजोगाईपासून नांदेडपर्यंत कुठल्याही सर्जिकल वॉर्डात जा, पेशंटची आई नाहीतर बायको हा प्रश्न विचारतेच. टाके पोटावर आहेत, जखमही भरत आलीय, पण दहा-बारा दिवसांत मांड्या आणि दंड पार उतरून गेलेत. प्रश्न अगदी नेमका आहे. ‘अशक्तपणा आलाय’ एवढ्यावर तो मिटवणं मला पटत नाही, म्हणून आजचं बोलणं त्याच्याभोवतीच ठेवतो.

शरीरात चरबी साठते. साखरही थोडी साठते, यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ७० ते १०० ग्रॅम. प्रथिनांचं मात्र वेगळं कोठार नाही. अंगातलं प्रथिन कुठल्या ना कुठल्या कामाला जुंपलेलं असतं; त्याचा मोठा वाटा स्नायूंत आहे. म्हणून अडचणीच्या वेळी शरीर चालतं-फिरतं प्रथिनच मोडतं. दुष्काळात बियाणं मोडून खायची पाळी आपल्या भागावर किती वेळा आली, हे तुम्हाला सांगायला नको. हे तसंच आहे.

आधी नुसत्या उपासाचं बघू. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातला साठा दिवसभरात संपत येतो. चरबीतल्या मेदाम्लांपासून आपल्याला ग्लुकोज बनवता येत नाही. मग स्नायूंतल्या प्रथिनाची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिन ज्यांचं बनतं ते छोटे रेणू, सुटी होऊन रक्तात येतात. पण स्नायू ती जशीच्या तशी सोडत नाहीत, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं स्नायू स्वतःच हाताळतात, यकृताला त्यांत फारसं काही करता येत नाही. त्यांच्यातला नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा भाग काढून स्नायू दुसऱ्या कार्बनी सांगाड्यांवर चढवतात आणि त्यातून दोन रेणू घडवतात, ॲलनिन आणि ग्लुटामिन. स्नायूंतून बाहेर पडणाऱ्या अमिनो आम्लांत या दोघांचाच वाटा निम्म्याच्या आसपास भरतो. मूळ प्रथिनात तो कितीतरी कमी असतो. नत्र मोकळा सुटला तर अमोनिया होतो, आणि अमोनिया मेंदूला विषारी. या दोन रेणूंवर बसवून तो रक्तातून सुखरूप नेता येतो.

ॲलनिन जातं यकृताकडे. तिथे नत्र काढून त्याचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे जातो. युरिया बनण्याचं हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलं. उरलेल्या सांगाड्याचं ग्लुकोज होतं. ग्लुटामिनची वाट निराळी. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते इंधन म्हणून जाळतात, रोगप्रतिकारक पेशीही वापरतात, आणि मूत्रपिंड त्यातून अमोनिया काढून लघवीवाटे आम्ल बाहेर टाकतं. आतडंही नुसतं खात बसत नाही. ग्लुटामिनपासून ते सिट्रुलिन बनवतं, ते मूत्रपिंडात पोचलं की त्याचं आर्जिनिन होतं, आणि आर्जिनिन जखम भरायला लागतं. म्हणजे मांडीतून निघालेला नत्र आतडं आणि मूत्रपिंड फिरून पोटावरच्या टाक्यांपाशी पोचू शकतो.

उपास लांबला तर शरीर काटकसर शिकतं. बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात स्थूल माणसांच्या कित्येक आठवड्यांच्या उपवासाचा अभ्यास केला. मेंदू हळूहळू चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर चालायला लागतो, ग्लुकोजची मागणी घटते, आणि लघवीतून जाणारा नत्र दिवसाला १२ ग्रॅमच्या घरातून ३-४ ग्रॅमवर येतो. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्याला धडधाकट शरीर सांभाळून घेतं ते याच यंत्रणेमुळे. शिवाय त्याच्या पोटात दूध, शेंगदाणे, भगर जात असतेच.

ऑपरेशननंतर ही काटकसर होत नाही. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नत्र मोजला. मोडलेल्या जागेच्या आसपासच्या मांसातून येईल त्याहून तो कितीतरी जास्त होता. झीज सगळ्या अंगातल्या स्नायूंची होती. कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन, ग्लुकॅगॉन वाढतात, दाहाचे संदेश सुटतात, इन्सुलिनचं म्हणणं स्नायू नीट ऐकत नाहीत. यकृत सीआरपी, फायब्रिनोजेन अशी दुखापतीच्या वेळी लागणारी प्रथिनं घाईने बनवू लागतं. त्याचा कच्चा माल स्नायूंतूनच येतो. मोठ्या ऑपरेशननंतर १२ ग्रॅम नत्र रोज जाणं नवलाचं नाही. एक ग्रॅम नत्र म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन, म्हणजे रोज ७५ ग्रॅम. स्नायूत पाणीच जास्त, म्हणून ओल्या मांसाच्या हिशोबात हे पाव किलोच्याही वर जातं. वाळलेल्या मांड्यांचं उत्तर हे आहे.

आता आपण काय करतो? वरणभाताने जखमेत पू होतो म्हणून वरण बंद करतो. पू जंतूंमुळे होतो, तुरीच्या डाळीमुळे नाही. डाळीच्या व्यापारासाठी देशभर नाव असलेल्या लातुरात पेशंटच्या ताटातून वरण उचललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बदली येते साबुदाण्याची खीर. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच. आणि सलाईन. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराच्या आतच कॅलरी. साध्या सलाईनमध्ये मीठ-पाणी. पाणी आणि क्षार भरून काढायला ती हवीच, पण ते जेवण नव्हे.

मोठ्या ऑपरेशननंतर वजनाच्या किलोमागे रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिन द्यावं, असं आजचं शास्त्र सांगतं. पन्नास किलोच्या बाईला ७५ ग्रॅम. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन ज्वारीच्या भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यात साठ-पासष्ट होतात. वर वाटीभर मटकीची उसळ. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते तुरीत भरपूर असतं, म्हणून दोन्ही एकत्र खावीत. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. खाणं कधी सुरू करायचं तेही त्यांनाच विचारा. पण विचारा नक्की, कारण बऱ्याच ऑपरेशनांनंतर ते आपल्याला वाटतं त्याहून लवकर सुरू करता येतं. आणि पेशंटला उठवा. नुसतं पडून राहिलं तर पोटात गेलेलं प्रथिनही स्नायू नीट उचलत नाहीत.

मघाशी एका ताईंनी ग्लुटामिनच्या पावडरीबद्दल चिठ्ठी पाठवली. ऑपरेशननंतर स्नायूंतलं ग्लुटामिन खूप घटतं, तेव्हा वरून दिलं तर फायदा होईल, हा तर्क सरळ वाटतो. अतिदक्षता विभागातल्या, एकाहून जास्त अवयव निकामी होत असलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांवर तो तपासला गेला. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले: मोठ्या मात्रेत ग्लुटामिन दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. घरी जेवू शकणाऱ्या पेशंटची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण त्याला ती पावडर द्या, असं मी सांगणार नाही. आणि आयसीयूतल्या माणसासाठी ती बाहेरून विकत आणून देऊ नका, ताई.