"ठीक आहे" म्हणून ओव्हर देऊ नका

नमस्कार. आजचा व्हिडिओ वॉर्डात काम करणाऱ्या नर्सेससाठी आहे, त्यातही नुकत्याच ड्युटीला लागलेल्यांसाठी. विषय ओव्हरचा. शिफ्ट बदलताना एक सिस्टर दुसरीच्या हाती पेशंट सोपवते, ती ओव्हर.

मी नवी असताना सकाळी मला अशी ओव्हर मिळाली: "बेड सात, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, बीपी बरं आहे, पेशंट ठीक आहे." मी मान डोलावली आणि पुढच्या बेडकडे वळले. तासाभराने युरीन बॅग बघायला वाकले, तर तळाशी जेमतेम थोडी लघवी, तीही गडद. चार्ट उघडला. पहाटे चारला 45 मिली, पाचला 30, सहाला 20, सातला 10. सगळे आकडे वेळच्या वेळी, सुवाच्य अक्षरात लिहिलेले.

पेशंटचं वजन 60 किलो. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे इथे 30 मिली. सहापासूनच ती कमी पडत होती. कॅथेटर कुठे मुडपलंय का ते आधी पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं, सलाईन वाढवलं आणि पेशंट सावरला. पण ते चार आकडे अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. रात्रीच्या सिस्टरने मोजलं होतं, लिहिलंही होतं. "लघवी उतरत चाललीय" एवढंच सांगायचं राहिलं. आणि मीही विचारलं नाही.

तुम्ही एसबार ऐकलं असेल. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या आण्विक पाणबुड्यांमधली. तिथून ती दवाखान्यांत आली आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ओव्हरसाठी ती सुचवली. यात चार गोष्टी बोलायच्या: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, तुम्हाला काय वाटतं आणि पुढे काय करायचं. पहिल्या दोन सगळेच सांगतात. तिसरी आपण गिळतो, कारण मनात येतं, निदान करणारी मी कोण? अहो, निदान कोण मागतंय! आठ तास तुम्ही त्या पेशंटजवळ होता. तुम्हाला लागलेली काळजी ही सुद्धा माहितीच आहे, ती बोला.

बेड सातची ओव्हर खरं तर अशी हवी होती:

"बेड सात, लघवी चारपासून उतरतेय, शेवटच्या तासात फक्त 10 मिली. ऑपरेशनचा दुसरा दिवस, वजन 60 किलो. बीपी अजून टिकून आहे, पण मला पाणी कमी पडतंय असं वाटतं. डॉक्टरांना अजून कळवलेलं नाही, आत्ता दोघी मिळून कळवू."

अर्धा मिनिटही लागत नाही.

आता ओव्हर घेणाऱ्या सिस्टरसाठी. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणा: "म्हणजे शेवटच्या तासात 10, आणि डॉक्टरांना कळवायचंय, बरोबर?" औषधाचा डोस, अ‍ॅलर्जी, उपाशी ठेवायचं का, कुठला रिपोर्ट यायचा बाकी आहे, हे तर परत म्हणायलाच हवं. समोरची दमलेली असते, तिचं घरी जायचं मन झालेलं असतं, म्हणून विचारायला संकोच वाटतो. तरीही विचारा. दोन तासांनी तुम्हाला शंका येईल तेव्हा ती झोपलेली असेल.

आणि शक्य तिथे ओव्हर बेडजवळ घ्या. शुद्धीवरचा पेशंट मध्येच सांगतो, "सिस्टर, ती गोळी मला दिलीच नाही." काउंटरवर बसून हे कळत नाही. मात्र एचआयव्हीचा रिपोर्ट किंवा घरातली भांडणं असं खाजगी काही असेल तर ते बाजूला जाऊन बोला, शेजारच्या बेडलाही कान असतात.

बेडजवळ उभ्या राहिलात की दोघींनी मिळून नजर फिरवायची: बाटलीवरचं लेबल, पंपावरचा रेट, नळी, आणि शेवटी पेशंटच्या हातावर सुई टोचलेली जागा, सुजली तर नाही ना. पंपावरचा रेट ऑर्डरशी ताडून पाहा. मग ड्युटी घेतल्याची सही करा.