मूल वर्गात गप्प असतं तेव्हा

मंडळी, नमस्कार. सिडनीतल्या पॅरामाटाची ही भूमी दारुग या इथल्या मूळ आदिवासी लोकांची. त्यांच्या ज्येष्ठांना आधी वंदन.

मी इथल्या सरकारी शाळेत परदेशातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. आपले पालक भेटले की हमखास विचारतात, "घरी अखंड बडबडतो, मग वर्गात तोंड का उघडत नाही?"

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या डेली नदीकाठच्या ज्येष्ठ आदिवासी शिक्षिका मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन 'दादिरी'बद्दल सांगतात. दादिरी म्हणजे शांत राहून मनापासून ऐकणं. त्यांच्या समाजात मूल आधी बघतं, ऐकतं, थांबतं आणि मग करतं. ते समजल्यापासून गप्प मुलाला मी घाई करत नाही. ते शिकतच असतं.

पश्चिम न्यू साउथ वेल्समध्ये अभ्यासक टायसन युंकापोर्टा यांनी तिथल्या आदिवासी समाजांसोबत 'एट वेज' ही शिकण्या-शिकवण्याच्या आठ पद्धतींची मांडणी केली. गोष्ट, नकाशा, चिन्हं, न बोलता शिकणं, भूमीशी आणि समाजाशी नातं, हे सगळं तिच्यात एकमेकांत गुंतलेलं आहे. नदीचा धडा मी तसाच घेते. गोल करून बसायचं आणि पॅरामाटा नदीतल्या ईल माशांपासून सुरुवात करायची. हे मासे अंडी घालायला इथून थेट कोरल समुद्रापर्यंत जातात. मग प्रत्येकाने आपल्या नदीचा नकाशा काढायचा. साताऱ्याहून आलेल्या एका मुलाने वाईचा घाट काढला, पायऱ्यांसकट, आणि बोटाने दाखवत दाखवत पहिल्यांदा इंग्रजीत बोलला! पुढच्या आठवड्यात त्याचे आजोबा वर्गात आले. ते कृष्णेबद्दल मराठीत बोलले, नातवाने जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. कधी नव्हे इतका वर्ग शांत होता.

एक मात्र कळकळीने सांगते. कागदावर आदिवासी चित्रांसारखे ठिपके रंगवून घेतले म्हणजे ही पद्धत वापरली, असं होत नाही. हे ज्ञान ज्यांचं आहे ती माणसं अजून इथेच राहतात. शाळेने आधी त्यांच्याकडे जावं, विचारावं, त्यांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. आपल्या मुलांचा फायदा होतो म्हणून ते नुसतं उचलून आणणं मला मान्य नाही.

आणि शाळेने बोलावलं, तर आजी-आजोबांना जरूर पाठवा. इंग्रजी येत नाही म्हणून ते संकोचतात. त्यांना सांगा, मराठीतच बोला, दुभाष्या घरचाच आहे.